नळी तोंडात, लक्ष नाकाशी

"सिस्टर, श्वास बंद नाही ना होणार?"

दुर्बिणीच्या तपासणीला आलेला माणूस द्राक्षबागायतदार असो, प्राध्यापक असो, नाहीतर स्वतः मेडिकलचं दुकान चालवणारा असो, हे विचारतोच. कुणी थेट विचारत नाही, नुसता गळ्याशी हात नेऊन बसतो. तेव्हा आपण समजून घ्यायचं. तपासणीत काय निघेल याची भीती वेगळी, ती आदल्या रात्री घरी येऊन गेलेली असते. बाहेरच्या बाकावर बसलं की सगळा जीव घशाशी येऊन थांबतो.

उत्तर सोपं आहे आणि खरंही. नाही बंद होणार. जठर बघायची नळी अन्ननलिकेतून जाते, श्वासाची वाट वेगळी. नळीची जाडी साधारण ९-१० मिलिमीटर, म्हणजे करंगळीहून बारीकच. ती आत असताना नाकाने श्वास घेता येतो, तोंडानेही. नुसती तपासणीच असेल तर ५-१० मिनिटांत आटोपतं. हे सगळं मी सांगते, समोरचा मान डोलावतो, आणि टेबलावर आडवा झाला की कठड्याभोवतीची त्याची बोटं पांढरी पडतात. डोक्याला पटलेलं असतं. घशाला कोण सांगणार?

मी नाशिकच्या एका हॉस्पिटलात एंडोस्कोपीच्या खोलीत काम करते. आमच्याकडे शहरातले येतात तसे निफाड, दिंडोरी, कळवणचे येतात, आणि पेठ-सुरगाण्याकडून पहाटेची एसटी धरून उपाशीपोटी आलेलेही असतात. त्यातले बरेच जण एकटे. एकट्या आलेल्या माणसाला गुंगीचं इंजेक्शन देता येत नाही. ते दिल्यावर गाडी चालवायची नसते, सोबत जबाबदार माणूस लागतो, आणि अर्धवट झोपेतल्या माणसाला सुरगाण्याच्या बसमध्ये बसवून देणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. शिवाय गुंगी म्हटली की खर्च वाढतो, पेशंटच्या श्वासावर नजर ठेवायला एक माणूस अडकतो. त्यामुळे आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी घशात बधिर करणारा स्प्रे मारायचा आणि तपासणी करायची, अशीच रीत आहे.

तो स्प्रे लिग्नोकेनचा. कडू जहर. मारला की थोड्या वेळात जीभ जाड झाल्यासारखी वाटते, गिळलेलं कळेनासं होतं, आणि नेमकं तेव्हाच घाबरलेला माणूस म्हणतो, "सिस्टर, घसा बंद झाला." बंद झालेला नसतो, बधिर झालेला असतो. औषध पुरतं चढायला दोन-तीन मिनिटं थांबावंच लागतं, आणि ही मिनिटं कुणाच्याच हिशेबात नसतात. सर आधीच्या पेशंटचा रिपोर्ट लिहीत असतात, मावशी चादर बदलत असतात, मामा पुढची फाइल शोधत असतात. मला जे काही करायचं असतं ते या मिनिटांत.

घाबरलेल्या माणसाला "लक्ष दुसरीकडे ने" म्हणायची पद्धत आहे. नातेवाईक म्हणतात, डॉक्टर म्हणतात, नर्सिंगला असताना आम्हालाही हेच सांगितलं होतं. लहान मुलाचं रक्त काढायचं असेल तर मोबाइलवर खुशाल कार्टून लावावं, यात मला काही वावगं दिसत नाही. सुई टोचून बाहेर येते तोवर पोराला पत्ताही लागत नाही. पण दुर्बिणीच्या वेळी हा उपाय अर्ध्या वाटेत दगा देतो. नळी जिभेच्या मुळाशी पोचली की शेतावर, देवळात, नातवंडांपाशी नेऊन ठेवलेलं मन एका झटक्यात परत ओढलं जातं, आणि परत आल्यावर त्याला उभं राहायला जागा नसते. मग हात तोंडाकडे जातो, नळी उपसायला.

बघता बघता माझं मत उलटं होत गेलं. मन इथेच ठेवायचं. फक्त त्याला जागा अगदी छोटी द्यायची.

या तपासणीचा इतिहास मजेशीर आहे. १८६८ साली जर्मनीतल्या फ्रायबर्गमध्ये आडोल्फ कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी जिवंत माणसाच्या जठरात डोकावायला नळी घातली. ती नळी सरळ आणि ताठ होती. असली नळी कोण घालून घेणार? कुसमाउल यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणारा माणूस गाठला. त्याच्या घशाला आयुष्यभराचा सराव होता. पुढे १९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी काचेच्या तंतूंची लवचीक दुर्बीण बनवली आणि पेशंटच्या घशात घालण्याआधी स्वतःच्या घशात घालून पाहिली. हे दोघेही, म्हणजे तलवार गिळणारा तो आणि स्वतःवर प्रयोग करणारे हिर्शोविट्झ, मला फार आवडतात. पुढे नळी आणखी बारीक झाली, तिच्या टोकाला कॅमेरा आला, समोर मोठा स्क्रीन आला. घसा मात्र कुसमाउलच्या काळचाच राहिला. आमच्या पेशंटकडे सरावाला वर्षं नसतात, स्प्रे चढेपर्यंतची मिनिटं असतात.

घशाच्या मागच्या भिंतीला किंवा जिभेच्या मुळाला काही लागलं की उमासा येतो. ते आपल्या हातात नाही, आपल्याला न विचारता मेंदूचा खालचा भाग ते परस्पर उरकतो. पण माणूस घाबरलेला असला की उमासा लवकर येतो आणि जोरात येतो. आणि त्याच्याशी झटापट करायला गेलेला माणूस श्वास कोंडतो, मान आखडतो, घसा आवळतो, म्हणजे नळीची वाट स्वतःच अरुंद करून ठेवतो. सर म्हणतात, "रिलॅक्स, रिलॅक्स." आमच्या खोलीत हा शब्द दिवसभर चालू असतो आणि तो ऐकून सैल झालेला पेशंट मी अजून पाहिलेला नाही.

मला यातलं जे थोडंफार उमगलं ते इगतपुरीला. नाशिकहून इगतपुरी हाकेच्या अंतरावर, तरी इतकी वर्षं जाणं झालं नव्हतं. वॉर्डातली एक मैत्रीण जाऊन आली आणि तिच्या नादाने मीही तिथल्या धम्मगिरी या विपश्यना केंद्राच्या दहा दिवसांच्या शिबिराला बसले. तिथे पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा असतो. घ्यायचा नाही, सोडायचा नाही, मोजायचा नाही; येतो-जातो तो नाकाच्या दारात उभं राहून बघायचा. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर जी एवढीशी जागा आहे तिथे लक्ष ठेवायचं. त्यानंतर विपश्यना, मग तासभर न हलता बसायचं, आणि गुडघे पेटले की ते पेटणंही बघायचं. मी पळून जायचा विचार केला होता. गेले नाही, कारण मोबाइल ऑफिसात जमा होता.

सत्यनारायण गोयंका यांची गोष्ट तिथे सगळ्यांना कळते. बर्मातले मोठे व्यापारी, मायग्रेनने इतके हैराण की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. ते विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, असं त्यांनी सुनावलं. ही विद्या त्याहून मोठ्या कामाची आहे म्हणाले. गोयंका १९५५ मध्ये शेवटी शिबिराला बसले, १९६९ मध्ये भारतात येऊन त्यांनी मुंबईत पहिलं शिबिर घेतलं, आणि इगतपुरीचं केंद्र १९७६ पासून चालू आहे. मी ती विद्या एंडोस्कोपीच्या टेबलावर आणली, म्हणजे ऊ बा खिन यांच्या हिशेबाने फारच लहान कामाला लावली. असो. तिकडे अमेरिकेत जॉन कबॅट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये ध्यानाचा वर्ग काढला, तोही जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या पेशंटसाठीच. 'माइंडफुलनेस', म्हणजे आत्ता जे चाललंय ते नीट बघत राहणं, दवाखान्यांत शिरलं ते मुख्यतः त्या वाटेने. आमच्या सरांना कबॅट-झिन माहीत आहेत, इगतपुरीला ते फक्त पावसाळ्यात भजी खायला थांबतात. हे त्यांना मी तोंडावर बोलून दाखवलेलं आहे.

शिबिरातून परत आल्यावर एक साधी गोष्ट डोक्यात आली. दुर्बिणीच्या वेळी तोंडात प्लास्टिकचा माउथपीस असतो, घसा बधिर असतो, पोटात हवा भरलेली असते. तोंड, घसा, पोट, सगळं परक्याच्या ताब्यात. नाक तेवढं मोकळं उरतं. आणि शिबिरात तीन दिवस जिथे उभं राहायला शिकवलं ती जागा नेमकी नाकाखालचीच.

पुढे केव्हातरी ऍसिडिटीने बेजार होऊन मीच त्या टेबलावर गेले. गुंगीचं इंजेक्शन मुद्दामच नको म्हटलं. खोलीतला एकूण एक आवाज ओळखीचा, सक्शनची घरघर ओळखीची, नळी धुतात त्या द्रावणाचा वाससुद्धा ओळखीचा, आणि तरी माउथपीस दातांत बसला तेव्हा छाती धडधडायला लागली. नळी जिभेवरून मागे गेली, उमासा आला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी रडत नव्हते, डोळेच आपले वाहत होते. मग आणखी एक उमासा. तिथे माझ्या लक्षात आलं की उमासा उचकीसारखा असतो: आपला आपण येतो, स्वतःचं काम करतो आणि जातो. दोन उमाशांच्या मध्ये मोकळी जागा असते आणि त्या जागेत काहीही दुखत नसतं. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं एकसलग हाल वाटतात. मीही बाहेरूनच बघत आले होते. आतून ते तुकड्या-तुकड्यांचं निघालं. मधल्या तुकड्यात नाकाखाली गार हवा आत जात होती आणि कोमट बाहेर येत होती, अगदी शांतपणे, जणू तिचा या भानगडीशी संबंधच नाही.

उमासे थांबले नाहीत. पुढच्या उमाशाची धास्ती गेली. मग सरांनी हवा भरली, पोट तट्ट फुगलं आणि मी आपल्याच साहेबांसमोर एवढी मोठी ढेकर दिली की मावशी अजून आठवण काढतात.

नंतर वाचताना एक प्रयोग सापडला. वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या फादेल झायदान आणि सहकाऱ्यांचा, २०११ मध्ये छापलेला. त्यांनी धडधाकट लोकांना चार दिवस, दर दिवशी वीसेक मिनिटं, श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवलं, मग पोटरीला चटका देत मेंदूची छायाचित्रं घेतली. ध्यानात असताना लोकांनी दुखण्याची तीव्रता सरासरी ४० टक्क्यांनी कमी सांगितली, आणि ते दुखणं किती नकोसं वाटलं, ते ५७ टक्क्यांनी कमी. मोजके लोक होते, सगळे निरोगी, आणि चटका म्हणजे दुर्बीण नव्हे. म्हणून हे आकडे मी पेशंटला कधी सांगत नाही. पण या दोन आकड्यांमधलं अंतर मला ओळखीचं वाटलं. उमासा जवळपास तेवढाच, नकोसेपणा बराच कमी.

आमच्या खोलीत नवीन रुजू होणाऱ्या प्रत्येक मुलीला मी जीन जॉन्सन हे नाव सांगते. जॉन्सनबाई अमेरिकेतल्या परिचारिका आणि संशोधक. १९७३ मध्ये त्यांनी नेमक्या याच तपासणीवर काम प्रसिद्ध केलं. पेशंटला आधी सांगायचं ते काय, हा त्यांचा प्रश्न होता. काहींना तपासणी कशी करतात ते सांगितलं, आणि काहींना तपासणी चालू असताना अंगाला काय काय जाणवेल ते सांगितलं. जाणवणार काय हे आधीच कळलेल्या पेशंटना शांत करण्याचं औषध कमी लागलं. पन्नास वर्षं झाली या गोष्टीला. अजूनही संमतीच्या फॉर्मवर रक्तस्राव आणि आतड्याला छिद्र पडण्याचा धोका छापलेला असतो, पण स्प्रे कडू लागेल हे कुठेही लिहिलेलं नसतं.

दुसरं नाव एल्व्हिरा लँग यांचं. या रेडिओलॉजिस्ट. त्यांच्या गटाने रेडिओलॉजीतल्या प्रक्रियांचे व्हिडिओ तपासले आणि २००५ मध्ये मांडलं की "आता दुखेल हं", "आता टोचणार" अशी सूचना देऊन केलेल्या गोष्टींत पेशंटना दुखणं आणि घालमेल दोन्ही जास्त झाली. हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसले, कारण वरवर बघता दोघींचं म्हणणं एकमेकींना छेद देतं. एक म्हणते सांगा, दुसरी म्हणते सांगितल्याने वाढतं. मला वाटतं, दोघी एकच गोष्ट दोन टोकांनी धरून आहेत. "थोडं दुखेल" यात माहिती काहीच नाही, नुसती धमकी आहे. "गार लागेल, मग आतून दाबल्यासारखं होईल, मग सुटेल" यात माहिती आहे. आणि "काही नाही होणार हो" हे तर सरळसरळ खोटं. पहिल्या उमाशाला ते उघडं पडतं, आणि त्यानंतर पेशंट तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही.

तर त्या मिनिटांत मी साधारण असं बोलते. "काका, डाव्या कुशीवर व्हा. हनुवटी थोडी छातीकडे. लाळ गिळायची नाही, गळू द्या, टॉवेल त्यासाठीच ठेवलाय. आता उजव्या हाताचं बोट इथे ठेवा, नाकाच्या खाली, मिशीवर. हवा आत जाताना कशी लागते? गार? आणि बाहेर येताना?" इथे बहुतेक सगळे क्षणभर थबकतात. साठ-सत्तर वर्षं चालू असलेली गोष्ट पहिल्यांदाच निरखून बघतात. "आता बोट काढा, लक्ष तिथेच असू द्या. बाहेरचा श्वास जरा लांबवा." श्वास बाहेर सोडताना हृदयाची गती किंचित उतरते, हे शरीराचंच गणित आहे. बोटाला क्लिप लावलेला असतो, त्यामुळे मॉनिटरवरचा आकडा उतरताना मला दिसतो, आणि कधीकधी उतरत नाही तेही दिसतं. "उमासा येईल. आला तर येऊ द्या. तो गेला की परत इथे, नाकाखाली."

नळी आत गेल्यावर माझा हात त्यांच्या खांद्यावर असतो आणि बोलणं चालू असतं. आता घशाचा भाग संपला. आता पोट फुगल्यासारखं वाटेल. आता सर वळण घेताहेत, दाब येईल. आता छोटासा तुकडा घेताहेत, तो कळायचासुद्धा नाही. हे शेवटचं सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही, पण जठराच्या अस्तराला कापलेलं, चिमटलेलं कळत नाही, ताणलेलं मात्र लगेच कळतं. डोळे मिटा असं मी कुणाला सांगत नाही. कुणाला स्क्रीनवर स्वतःचं जठर बघायला आवडतं, कुणी माझ्याकडे टक लावून असतो.

या विषयावर जे काही लिहिलं जातं त्यात पेशंटच्या मनाबद्दल फार असतं. पेशंटने श्वास बघावा, पेशंटने वर्तमानात राहावं. खांद्यावर हात ठेवून उभ्या असलेल्या बाईचं मन कुठे आहे, हे कुणी विचारत नाही. माझा अनुभव असा की त्या पाच-दहा मिनिटांत पेशंटकडे स्वतःचं असं लक्ष फारसं शिल्लक नसतं, तो माझ्याकडून उसनं घेतो. मी मनातल्या मनात मुलाच्या क्लासची फी भरत असले, तर तोंडाने तेच शब्द बोलूनही हात वेगळा पडतो, आणि कुशीवर पडलेल्या माणसाला ते कळतं. कसं कळतं ते मला सांगता येणार नाही. त्यामुळे स्प्रे चढण्याच्या मिनिटांत मी पेशंटला जे करायला सांगते ते स्वतःही करते. दुपारी यादी लांबली, बारावा-तेरावा पेशंट आला, की माझाच श्वास मला सापडत नाही, आणि त्या पेशंटचे हाल जास्त होतात. प्रशिक्षण द्यायचं असेल तर पेशंटला पत्रक देण्याआधी स्टाफला द्यावं. आणि यादी आखूड ठेवावी, म्हणजे निम्मं प्रशिक्षण झालंच.

काहींना माझी गरजच नसते. ओझरकडच्या एक वारकरी आजी आल्या होत्या, गळ्यात तुळशीची माळ. मी बोट नाकाखाली ठेवा म्हणाले तर म्हणाल्या, "बाई, माझं चालू आहे, तू तुझं कर." माउथपीस दातांत आणि नाम मनात, श्वासाच्या लयीत. तपासणी झाली तरी त्यांना पत्ता नव्हता असं म्हणणार नाही, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. मालेगावचे एक यंत्रमाग कामगार होते, ते अंगठ्याने बोटांची पेरं मोजत राहिले. ज्याच्या पदरी जन्माची सवय आहे त्याला टेबलावर नवीन काही शिकवायला जाऊ नये.

आणि काहींच्या बाबतीत ही पद्धत चुकीची आहे, हेही स्पष्ट सांगायला हवं. सुई बघून चक्कर येणारी माणसं वेगळी. अशी माणसं बहुधा तरणीबांड असतात. पोलिस भरतीची तयारी करणारा सहा फुटी गडी इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनची सुई, लावताना धाडकन आडवा होतो. त्यांचं रक्तदाब एकदम घसरल्यामुळे असं होतं, आणि त्यांना "सैल सोडा, लांब श्वास सोडा" म्हणणं म्हणजे घसरणाऱ्याला आणखी ढकलणं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट यांनी १९८०च्या दशकात यावर उलटा उपाय रुजवला: मांड्या, दंड, मुठी दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळा, सोडा, परत आवळा, म्हणजे दाब टिकून राहतो. सुई टोचायची तो हात तेवढा सैल ठेवायचा. त्याचप्रमाणे ज्यांच्या शरीराशी कधी कुणी जबरदस्ती केलेली आहे, त्यांना शरीराकडे लक्ष द्या म्हणणं हा दिलासा नसतो. ते आपल्याला सांगत नाहीत. पण तोंडाजवळ हात नेल्यावर ज्या तऱ्हेने ते गोठतात त्यावरून ओळखावं, आणि मुकाट्याने सरांना सांगावं की यांना गुंगी द्या, सोबतीला माणूस नसेल तर दुसऱ्या दिवसाची तारीख द्या.

एमआरआयचं तंत्र आणखी निराळं. तिथे दुखत काहीच नाही, पण बोगद्यात बराच वेळ निश्चल पडायचं आणि कानाशी ठोकाठोक. तिथे टेबल आत सरकण्याआधीच डोळे मिटून घेतलेले बरे, आणि पायाच्या अंगठ्यापासून एकेक अवयव मनाने चाचपत वर यायला वेळही भरपूर असतो. तळमजल्यावरचा टेक्निशियन हल्ली पेशंटना तेवढं सांगतो. हातातला रबरी फुगा दाबला की आम्ही लगेच बाहेर काढू, हे आधी सांगितलं तर तो दाबायची वेळ सहसा येत नाही, असंही त्याचं म्हणणं.

मध्यंतरी बाहेरून आलेल्या एका डॉक्टरांनी माझं कौतुक केलं: "या सिस्टर असल्या की सेडेशन लागत नाही." मला ते मुळीच आवडलं नाही. श्वासाकडे लक्ष देणं फुकट आहे, म्हणून ते गुंगीच्या जागी बसवायचं, हा हिशेब कुणाच्याही डोक्यात फार लवकर येतो. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बांधायच्या असतात, पित्तनलिकेतला खडा काढायचा असतो, तिथे भूल किंवा गुंगी लागते आणि ती दिलीच पाहिजे. साध्या तपासणीलाही ज्याला गुंगी हवी आहे आणि देता येण्यासारखी आहे, त्याला "जरा सहन करा, श्वास बघा" म्हणणारी मी कोण? पेशंट सहन करू शकतो, एवढ्यावरून त्याने करावं असं ठरत नाही. माझं काम उरतं ते ज्यांना ती घेता येत नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना घ्यायची नाही त्यांच्यासाठी.

सरांशी माझा खरा वाद नळी बाहेर काढण्यावरून चालतो. टोरंटोचे डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीवर केलेला प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण ६८२ पेशंट. त्यातल्या निम्म्यांच्या तपासणीच्या शेवटी नळीचं टोक न हलवता जास्तीत जास्त तीन मिनिटं तसंच ठेवलं. म्हणजे त्रासाचा काळ उलट वाढवला, पण शेवट सौम्य केला. आणि त्याच पेशंटना अख्खी तपासणी नंतर कमी वाईट आठवली. सर म्हणतात, वरच्या दुर्बिणीत असं थांबणं बरोबर नाही, घशातली नळी जितकी लवकर निघेल तितकी बरी. त्यांचंही खरं आहे. पण झपकन ओढून पाठ फिरवायची आणि पेशंटने लाळेने भरलेल्या तोंडाने एकट्याने उठून बसायचं, हा शेवट मला मान्य नाही. तेव्हा आमची तडजोड अशी झाली आहे: नळी सावकाश निघते, मी माउथपीस काढते, तोंड पुसते, अर्धा मिनिट कुणी काही बोलत नाही. पाणी अर्ध्या तासाने, घशाला जाण आल्यावर, आधी एकच घोट.

त्यातल्या बऱ्याच जणांना परत यायचं असतं. लिव्हरच्या आजारवाल्यांना शिरा बांधायला काही आठवड्यांच्या अंतराने बोलावतात, अल्सरवाल्यांना व्रण भरला का ते बघायला. पहिल्या वेळी हाल झालेला माणूस दुसऱ्या तारखेला येत नाही, मग एखाद्या रात्री रक्ताची उलटी होऊन थेट कॅज्युअल्टीत येतो. मला काळजी त्याची असते.

मागच्या उन्हाळ्यात सिन्नरकडच्या एक काकू तिसऱ्यांदा आल्या होत्या. बाकावर त्यांच्या शेजारी पहिल्यांदाच आलेली एक तरुण मुलगी, गळ्याशी हात धरून. मी स्प्रे घेऊन बाहेर गेले तर काकूंचं शिकवणं चालू होतं. "कडू लागतंय, थुंकायचं नाही. जीभ फुगल्यावाणी वाटती, फुगत नाही. नाकानं श्वास घ्यायचा, इथं बोट लाव. ओकारी येती, येऊ द्यायची, जाती. आन् ही बाई सारखी बोलत राहती, तिचं ऐकायचं." मी जे सांगते त्यातलं त्यांनी काही सोडलं नव्हतं, आणि त्या मुलीने जेवढ्या विश्वासाने बोट नाकाखाली लावलं तेवढ्या विश्वासाने माझ्या सांगण्यावरून कुणी लावत नाही.

तेव्हापासून सकाळी यादी लावताना जुने आणि नवे पेशंट आलटून-पालटून बसवते. सरांना वाटतं, मी आडनावांच्या अक्षरांप्रमाणे लावते.